चोई मिन-हो: वजनकाटा, अथेन्सचं कांस्य आणि बीजिंगचे पाच इप्पॉन

एका आईचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा, ज्युदो खेळतो, रोजच्या सरावात वजन ६५ किलोच्या आसपास असतं. प्रशिक्षकांनी त्याला ६० किलो गटात उतरायला सांगितलंय आणि उदाहरण दिलंय कोरियाच्या चोई मिन-हो याचं: "त्याने पण वजन उतरवलं आणि ऑलिंपिक सुवर्ण आणलं." त्या विचारतात, हा चोई कोण, त्याची कारकीर्द नेमकी कशी झाली आणि माझ्या मुलाने त्याच्याकडून काय घ्यावं?

ताई, मी वर्षानुवर्षं मुलांना ज्युदो शिकवतोय आणि चोईच्या लढती मुलांना थांबवून थांबवून दाखवतो. प्रशिक्षकांनी सांगितलेलं खोटं नाही, पण अर्धवट आहे. चोईने वजन उतरवलं, सुवर्ण मिळवलं, दोन्ही खरं. मधली चार वर्षं मात्र त्या वाक्यातून गळून पडली आहेत, आणि तुमच्या मुलाच्या कामाचं जे आहे ते त्या चार वर्षांत आणि त्याच्या आगेमागे आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चोई मिन-हो १९८० चा, गिमचेऑनचा. दक्षिण कोरियाच्या उत्तर ग्योंगसांग प्रांतातलं हे गाव. पुढे लंडनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा किम जे-बम हाही इथलाच. चोई शिकला योंगइन विद्यापीठात. कोरियन ज्युदोत या विद्यापीठाचं नाव आपल्याकडे कुस्तीत कोल्हापूरच्या तालमींचं घेतात तसं घेतलं जातं. उंची जेमतेम १६३ सेंटिमीटर, पण खांदे आणि पाठ अशी की ६० किलो गटातला माणूस वाटू नये. जमिनीवरून बार उचलताना तो स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त उचलायचा. ही ताकद लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

कोरियात ज्युदो म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, नाहीतर चोईवरचं ओझं कळणार नाही. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये आन ब्योंग-गन आणि हा ह्योंग-जू यांनी सुवर्ण जिंकलं. १९८८ ला सोलमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, ६० किलोत किम जे-योपने आणि ६५ किलोत ली क्योंग-गनने. तेव्हापासून प्रत्येक ऑलिंपिकला देश ज्युदोकडे पदकांसाठी डोळे लावून बसतो. ६० किलो हा सगळ्यात हलका गट, पुरुषांचा हा गट पहिल्याच दिवशी खेळला जातो, म्हणून संपूर्ण पथकाचा शकुन-अपशकुन या एका खेळाडूवर ठरल्यासारखा होतो. सोलनंतर या गटात कोरियाला रौप्य मिळालं, १९९२ ला युन ह्यूनला, २००० ला जंग बू-ग्योंगला. सिडनीच्या अंतिम लढतीत जपानच्या तादाहिरो नोमुराने जंगला चौदा सेकंदांत पाडलं. नोमुरा म्हणजे १९९६, २०००, २००४ अशी लागोपाठ तीन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारा एकमेव ज्युदोका. चोईला खेळायचं होतं ते या माणसाच्या काळात, याच गटात.

२००३ मध्ये ओसाकाला जागतिक स्पर्धा झाली. जपानमध्ये, जपानी प्रेक्षकांसमोर. नोमुरा कांस्यावर थांबला आणि चोई अंतिम लढतीत ब्रिटनच्या क्रेग फॅलनला हरवून जगज्जेता झाला. वय तेवीस. पुढच्या वर्षी अथेन्स. सुवर्णाच्या दावेदारांत त्याचं नाव होतं.

अथेन्सला काय झालं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. उपांत्यपूर्व लढतीत समोर मंगोलियाचा त्सागानबातार. चोईने त्या स्पर्धेसाठी अतोनात वजन उतरवलं होतं. लढत सुरू असताना त्याच्या पायांत गोळे आले. ज्यांना हे कधी झालेलं नाही त्यांना सांगतो, मॅटवर पोटरीत किंवा मांडीत गोळा आला की डाव मारायचा विचारच संपतो. ज्युदोत प्रत्येक फेक एका पायावर तोल घेऊन होते, आणि तो पायच दगड होऊन बसतो. चोई हरला. मागच्या दाराने, रेपेशाजमधून, म्हणजे हरलेल्यांना कांस्यासाठी मिळणाऱ्या लढतींतून, लढत लढत कांस्यापर्यंत आला. सुवर्ण पुन्हा नोमुराने नेलं, रौप्य जॉर्जियाच्या खेरगियानीने.

ज्याच्यात सुवर्णाची ताकद होती त्याची लढत अशी पायांनी हरवली. तंत्र कमी पडलं नव्हतं, सराव कमी पडला नव्हता. त्या काळी वजन लढतीच्या दिवशी सकाळीच घ्यायचे. म्हणजे काट्यावरून उतरल्यावर हातात काही तास, त्यात पाणी प्यायचं, थोडं खायचं, अंग गरम करायचं आणि पहिल्या लढतीला उभं राहायचं. शरीरातून घामावाटे पाणी आणि मीठ काढून टाकायला दिवस लागतात, ते परत भरायलाही वेळ लागतो. घटाघटा पाणी प्यायल्याने पोट भरतं, स्नायू भरत नाहीत. पहिल्या एकदोन लढती अंगातल्या शिलकीवर निघतात. तिसऱ्या-चौथ्या लढतीला शिल्लक संपते.

आता अथेन्सनंतरचं. कोरियात ऑलिंपिकच्या कोणत्याही पदकावर सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते आणि दरमहा मानधन सुरू होतं, पण मानधनाचा आकडा पदकाच्या रंगावर ठरतो, आणि लोकांचं प्रेम तर फारच जास्त रंगावर ठरतं. त्याच अथेन्समध्ये ७३ किलोत ली वॉन-हीने सुवर्ण जिंकलं. सगळं कौतुक, सगळे कॅमेरे लीकडे. चोईचं कांस्य कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. पुढचा काही काळ फार वाईट गेला. दारू पिऊन दिवस काढले, हे त्याने नंतर मुलाखतींतून स्वतः सांगितलं आहे. जगज्जेता राहिलेला, ऑलिंपिक पदक गळ्यात असलेला पंचविशीच्या आतला मुलगा स्वतःला अपयशी समजत होता. पदकाच्या रंगावरून माणसाची किंमत करणारा हा व्यवहार मला कधीच पटला नाही, आणि आपल्याकडेही तो कमी नाही. जिल्हा स्पर्धेत रौप्य घेऊन आलेल्या पोराला गाडीत बसल्या बसल्या "सुवर्ण का नाही?" असं विचारणारे पालक मी पाहतो तेव्हा मला चोईची ती वर्षं आठवतात.

तो परत उभा राहिला तो नेहमीच्याच वाटेने. सोलच्या तैरुंग राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात पहाटेची धाव, बुलामसान डोंगराची चढण, दोरावर नुसत्या हातांनी चढणं, वजनं आणि मग मॅटवर तासन्‌तास रांदोरी, म्हणजे खुल्या सरावाच्या लढती. कोरियन ज्युदोकांची पकड का सुटत नाही याचं उत्तर त्या दोरात आहे. आणि त्याची ती पाठीची ताकद आता डावात उतरू लागली. सेओइ-नागे, म्हणजे आपल्या कुस्तीतल्या धोबीपछाडीच्या जातीचा डाव, त्याच्याकडे आधीपासून होता. त्याच्या जोडीला पायाला हात घालून समोरच्याला सरळ उचलायचं आणि पाठीवर आपटायचं. कुस्तीवाल्यांना सांगायचं तर पट काढल्यासारखं, फक्त शेवट हवेतून खाली. कोरियन वर्तमानपत्रांनी या फेकीला पोरांच्या 'त्तक्जी' खेळाचं नाव दिलं, कागदाची घडी जमिनीवर आपटून दुसरी घडी उलटी पाडायचा खेळ.

९ ऑगस्ट २००८, बीजिंग. विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या व्यायामशाळेत ज्युदोचा पहिला दिवस. चोई सत्तावीस वर्षांचा होता. पाच लढती खेळला आणि पाचही इप्पॉनने जिंकला. इप्पॉन म्हणजे चीतपट, लढत तिथेच संपते. ही यादी बघा: उपांत्यपूर्व फेरीत उझबेकिस्तानचा रिशोद सोबिरोव, जो पुढे २०१० आणि २०११ मध्ये याच गटाचा जगज्जेता झाला. उपांत्य फेरीत नेदरलँड्सचा रुबेन हाउकेस, त्या वेळचा विद्यमान जगज्जेता. अंतिम फेरीत ऑस्ट्रियाचा लुडविग पाइशर, युरोपातला त्या गटातला सगळ्यात भरवशाचा माणूस. एकाही लढतीला पुरी पाच मिनिटं लागली नाहीत. अंतिम लढत दोन मिनिटं आणि काही सेकंदांत आटोपली: चोईने पाय पकडला, पाइशर हवेत गेला आणि पाठीवर आला.

चोई तिथेच मॅटवर कोसळून रडू लागला, आणि ते रडणं थांबेना. पाइशर नुकताच ऑलिंपिक सुवर्ण हरला होता. तो उठला, चोईला मिठी मारली, उभं केलं आणि त्याचा हात वर धरून प्रेक्षकांना दाखवला. कोरियातले लोक त्या ऑस्ट्रियन खेळाडूला त्या एका कृतीसाठी आजही ओळखतात. मी मुलांना हा भाग इप्पॉनइतकाच काळजीपूर्वक दाखवतो. चोई पदक घेतानाही रडतच होता. बीजिंगमधलं ते कोरियाचं पहिलं सुवर्ण, आणि ६० किलो गटात किम जे-योपनंतर बरोब्बर वीस वर्षांनी आलेलं.

आता माझं म्हणणं. पाच इप्पॉनकडे लोक पराक्रम म्हणून बघतात. मी ते हिशोब म्हणूनही बघतो. वजन उतरवून आलेल्या माणसाच्या अंगात दिवसभराची शिदोरी मोजकीच असते. अथेन्समध्ये ती पुरली नाही. बीजिंगमध्ये चोईने ती खर्चच होऊ दिली नाही. लढती लांबवल्याच नाहीत. पाच पूर्ण लढती म्हणजे पंचवीस मिनिटं, त्यात जादा वेळ आला तर आणखी. त्यातला थोडासाच भाग तो मॅटवर होता. त्याच्या सुवर्णामागे वजन उतरवणं आहे असं म्हणणं म्हणजे गाडी घाटात कशी चढली असं विचारल्यावर ब्रेकचं नाव सांगणं. वजन उतरवण्याचा तोटा भरून काढेल एवढी मारक फेक त्याने कमावली, आणि अशी फेक कमवायला दहा-पंधरा वर्षांचा सराव लागतो. सोळा वर्षांच्या मुलाकडे ती नसते. त्याच्या वाट्याला वजन उतरवण्याचा फक्त तोटा येतो.

शिवाय खेळ बदललाय. चोईने बीजिंगला ज्या फेकीने सुवर्ण घेतलं ती आज मारली तर शिक्षा होते. पायाला थेट हात घालण्यावर २०१० मध्ये निर्बंध आले आणि २०१३ पासून कमरेच्या पट्ट्याखाली हाताने पकड किंवा अडवणूक करायचीच नाही असा नियम झाला. दुसरं, आता लढत चार मिनिटांची असते, पण बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअरला, म्हणजे जादा वेळेला, मर्यादाच नाही. आठ-दहा मिनिटं ओढलेल्या लढती मोठ्या स्पर्धांत दिसतात. तिथे सुकवलेलं शरीर घेऊन उभं राहणं किती अवघड, विचार करा.

वजनाचे नियमही बदलले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आता वजन आदल्या दिवशी घेतात. ऐकायला सोयीचं वाटतं, रात्रभर खाऊन-पिऊन भरून काढता येईल. पण लढतीच्या सकाळी काही खेळाडूंचं वजन पुन्हा तपासतात, आणि ज्युदोगीशिवाय, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाशिवाय, ते गटाच्या मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त असेल तर खेळाडू बाद. ६० किलो गटात म्हणजे ६३. तुमच्या मुलाचं नेहमीचं वजन ६५. म्हणजे त्याला मोठ्या स्पर्धेत कधीच त्याच्या स्वतःच्या, भरल्या अंगाने खेळता येणार नाही. समोर मात्र सरावात ६१-६२ असलेला मुलगा भरल्या अंगाने उभा असेल. हा नियम केला त्यामागे कारण आहे, आणि ते कोरियाला फार जवळून माहीत आहे. १९९६ मध्ये, अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, चुंग से-हून हा कोरियन ज्युदोका वजन उतरवता उतरवता सॉनामध्ये गेला. गेला म्हणजे जीव गेला. धडधाकट, देशाच्या पहिल्या फळीतला खेळाडू. चोई ज्या खेळात मोठा झाला त्या खेळाने हे पाहिलेलं होतं.

आपल्या स्पर्धांमध्ये काय चालतं हे मी दरवर्षी बघतो. उन्हाळ्यात पोरं अंगावर रेनकोट घालून, वर जॅकेट चढवून मैदानाला फेऱ्या मारतात. वजनाच्या रांगेत बाटलीत थुंकत उभी असतात. एक चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, ओठ फुटलेले, काट्यावर चढण्याआधी अंगातली बनियनसुद्धा काढून शंभर ग्रॅम कमी करायला बघत होता. वजन बसलं, आणि पहिल्या लढतीत दुसऱ्या मिनिटाला त्याच्या हातातून पकड सुटायला लागली. हरला. घरी मात्र सांगितलं गेलं की तंत्र कमी पडतंय.

आता कोरियन ज्युदोचा दुसरा इतिहास बघा, जो तुमच्या मुलाला कोणी सांगितलेला नाही. वरच्या गटात गेलेल्यांचा इतिहास. जोन गी-यंग १९९३ मध्ये ७८ किलोत जगज्जेता झाला; मग वर गेला, ८६ किलोत १९९५ आणि १९९७ चा जगज्जेता आणि मधल्या १९९६ ला अटलांटाचं ऑलिंपिक सुवर्ण. किम जे-बम, चोईच्याच गिमचेऑनचा, ७३ किलोत होता. त्या गटात कोरियाकडेच ली वॉन-ही आणि वांग गी-चुन असे दोन वाघ, म्हणून २००७ मध्ये तो ८१ ला गेला. बीजिंगला अंतिम लढतीत जर्मनीच्या ओले बिशोफकडून हरून रौप्य, २०१० आणि २०११ ला जगज्जेता, आणि २०१२ ला लंडनमध्ये त्याच बिशोफला अंतिम लढतीत हरवून सुवर्ण. आन बा-उल ६० किलोत वजनाशी झगडत होता, ६६ ला गेला आणि २०१५ मध्ये जगज्जेता, २०१६ ला रिओमध्ये रौप्य. त्या काळात राष्ट्रीय संघात त्याचा प्रशिक्षक कोण होता? चोई मिन-हो.

आणि अथेन्सला चोईला हरवणारा तो मंगोलियन त्सागानबातार? तोही पुढे ६६ ला गेला आणि २००९ ला रॉटरडॅममध्ये जगज्जेता झाला. ज्युदोतला मंगोलियाचा पहिला जगज्जेता.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच निवडलं असं व्हायला नको. बीजिंगनंतर चोई स्वतः ६६ मध्ये गेला, पण लंडनसाठी कोरियाने त्या गटात चो जून-हो याला पाठवलं. चोने कांस्य आणलं; जपानच्या एबिनुमाविरुद्ध तिन्ही पंचांनी आधी चोला विजयी ठरवलं आणि मग निर्णय फिरवला, ती गाजलेली लढत याचीच. चोई तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि उंचीने त्या गटात लहान. म्हणजे वर जाणं हा जादूचा उपाय नाही, आणि वय उलटून गेल्यावर जायचं तर फार जड जातं. सोळाव्या वर्षी मात्र हाडं, उंची, स्नायू सगळं वाढीला लागलेलं असतं. ६५ किलोचा मुलगा दोन वर्षांत ७० च्या पुढे सहज जाईल. त्याला ६० च्या गटात कोंबून आत्ता एखादं जिल्हा पदक मिळेलही, पण वाढीच्या वर्षांत उपाशी राहून.

तर तुम्ही काय करावं. मुलाला ६६ किलो गटात खेळवा, हे माझं स्पष्ट मत. सुरुवातीला काही लढती हरेल, वरच्या मुलांची पकड जड लागेल. वर्षभर द्या. त्या वर्षात एकच मुख्य फेक घ्यायची, शक्यतो सेओइ-नागे, आणि ती दोन्ही बाजूंनी, थकल्यावरही निघेल इतकी घोटायची. रांदोरीच्या शेवटच्या दहा मिनिटांत ती निघते का हे बघायचं. ताज्या अंगाने सगळ्यांचीच निघते. दोर चढणं किंवा टॉवेल बारला टाकून त्यावर लोंबणं आठवड्यातून तीनदा, पकडीसाठी. पाठीसाठी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, वगैरे प्रकार चांगल्या देखरेखीखाली, हलक्या वजनापासून.

रोज सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन लिहून ठेवा, महिनाभर. महिन्याची सरासरी ६५ च्या वर गेली की प्रशिक्षकांशी बोलायला तुमच्या हातात कागद असेल, आणि तेव्हा वाद व्यक्तीवर न जाता आकड्यावर होतो. सगळेच प्रशिक्षक वाईट हेतूने सांगतात असं नाही. बहुतेकांना स्वतःच्या तरुणपणी हेच शिकवलं गेलेलं असतं. पण घाम काढण्यासाठी रेनकोट, जुलाबाच्या गोळ्या, लघवीच्या गोळ्या, पाणी तोडणं यांतलं काहीही सुचवलं तर तिथे सरळ नाही म्हणा. लघवीच्या गोळ्या तर डोपिंगच्या बंदी असलेल्या यादीतही येतात, म्हणजे तब्येतीबरोबर कारकीर्दही जाऊ शकते. पायांत वारंवार गोळे येत असतील, चक्कर येत असेल, लघवी गडद होत असेल तर स्पर्धा सोडून डॉक्टरांकडे जायचं.

आणि चोईच्या बीजिंगच्या पाचही लढती मुलाला एका बैठकीत दाखवा. फेक सगळ्यांनाच दिसते. त्याला सांगा की फेकीच्या आधीचे तीन सेकंद बघ, हात कुठे आहेत, समोरच्याचा कुठला पाय जड झाला आहे आणि चोई कुठल्या क्षणी थांबत नाही. ते त्याला कळू लागलं की पाय पकडण्याची बंदी असतानाही त्या लढतींतून घेण्यासारखं खूप उरतं.